आमची वाटचाल: सिगारच्या पेटीपासून सिगारच्या कोठारापर्यंत

सिगार ठेवण्याच्या लाकडी पेट्या बनवण्यापासून आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. आतून स्पॅनिश सीडर या सुगंधी लाकडाचे अस्तर, घट्ट बसणारे झाकण आणि 70 टक्क्यांच्या आसपास टिकणारी आर्द्रता एवढे साधले की पेटी उत्तम, अशी आमची समजूत होती. पुढे ग्राहकांच्या आग्रहावरून त्यांचे सिगार आमच्याच कोठारात सांभाळू लागलो, आणि ती समजूत किती अपुरी होती हे पहिल्याच उन्हाळ्यात कळले.

एका सकाळी एका पेटीच्या तळाशी बारीक तपकिरी भुकटी दिसली. सिगार उजेडात धरला, तर वरच्या पानाला टाचणीच्या डोक्याएवढे, कातीव कडांचे गोल भोक होते आणि हलकेच टिचकी मारताच त्यातून आणखी भुकटी गळली. हा तंबाखूचा भुंगेरा: जेमतेम 2 ते 3 मिलिमीटर लांबीचा, तांबूस, डोके खाली वळल्यामुळे कुबड आल्यासारखा दिसणारा. तंबाखू पोखरते ती त्याची अळी. भुंगेरा बाहेर पडताना भोक पाडतो, म्हणजे भोक दिसते तेव्हा आतली नासाडी होऊन गेलेली असते. त्या पेटीशेजारच्या दोन पेट्याही गेल्या. ग्राहकांना आम्ही स्वतः कळवले आणि भरपाई दिली, तरी त्यांचे चेहरे अजून आठवतात.

चूक आमचीच होती. आर्द्रता रोज मोजत होतो, तापमानाकडे मात्र लक्ष नव्हते. सिगारला मानवणारी आर्द्रता या किडीलाही मानवते आणि 30 अंश सेल्सिअसच्या आसपास तिची वाढ सर्वांत झपाट्याने होते. आर्द्रता फार उतरवली तर सिगारच कोरडा पडतो, म्हणून आवर घालायचा तो तापमानालाच. आता कोठार 18 अंशांवर असते. तेथे वाढ थांबते, पण पानाबरोबर आलेली अंडी त्याने मरतीलच असे नाही, आणि सीडरच्या वासावरही भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून आलेली प्रत्येक पेटी हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे 20 अंशांवर आठवडाभर आणि पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवतो. आरंभी घाईने फ्रिजचा टप्पा वगळला, तेव्हा काही सिगारांची वरची पाने तडकली. फ्रीझर गच्च भरला तर मधल्या पेटीपर्यंत थंडी उशिरा पोहोचते, हेही आम्ही तिच्यात तापमापक ठेवल्यावरच शिकलो. पिशवी मात्र खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर सिगारवर दव धरते.

फॉस्फिनची धुरी मोठ्या गोदामांत देतात. तो वायू जीवघेणा असल्याने आम्ही त्या वाटेला गेलो नाही. कोठारात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने किड्यांना ओढणारे चिकट सापळे, आहेत. त्यांत फक्त नर अडकतात, त्यामुळे त्यांनी कीड संपत नाही, पण एक जरी भुंगेरा चिकटलेला दिसला तरी त्या फळीवरची प्रत्येक पेटी त्याच दिवशी उघडून तपासली जाते.