आयर्लंडला जाऊन खेड्यातल्या मॅचेस कशाला बघता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आयर्लंडहून आलं की सगळे मोहेरच्या समुद्राकाठच्या प्रसिद्ध कड्यांचे फोटो मागतात आणि माझ्या फोनमध्ये असतात चिखलात काठ्या घेऊन पळणारी पोरं. मग पुढचा प्रश्न ठरलेला, तुला त्यातलं काय कळतं, आणि तिकडे ओळखीचं कुणी नसताना तू घुसतेस कशी?

कळायला फार काही लागत नाही हो. हर्लिंग म्हणजे पंधरा विरुद्ध पंधरा, हातात अ‍ॅशच्या लाकडाची पसरट टोकाची काठी (तिला हर्ली म्हणतात), चामडं शिवलेला छोटा बॉल आणि एच अक्षरासारखे गोलपोस्ट. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन पॉइंट, वरून गेला की एक. पांढरे कोट घातलेले अंपायर पोस्टजवळ उभे असतात, गोल झाला की हिरवा झेंडा, पॉइंटला पांढरा. स्कोअर मात्र सुरुवातीला डोकं फिरवतो, 1-18 आणि 0-20 लिहिलं असेल तर पहिली टीम पुढे, कारण गोलाचे तीन धरून तिचे 21 होतात. झालं, एवढ्यावर अख्खी मॅच बघता येते. बॉल इतका जोरात येतो की 2010 पासून हेल्मेट सगळ्यांनाच सक्तीचं केलंय, त्याआधी मोठी माणसं उघड्या डोक्याने खेळायची, विचार करा! आणि अ‍ॅशच्या झाडांना तिकडे रोग लागलाय म्हणून आता बांबूच्या पण हर्ली निघाल्यात.

डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम बघायला ना नाही, 82 हजारांवर माणसं मावतात, पण माझं मत विचाराल तर पहिली मॅच तिथे बघू नका. जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन) ही हर्लिंग चालवणारी संघटना 1884 ला थर्ल्स नावाच्या गावात एका हॉटेलात स्थापन झाली आणि आजही खेळाडूंना पगार नाही, अगदी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) मोठ्या टीममध्ये खेळणारा सुद्धा सोमवारी शाळेत शिकवायला नाहीतर शेतावर जातो. आणि क्लब म्हणजे बहुतेक करून तुमचं गाव, तुमचं चर्च, विकत घेतलेले प्लेअर वगैरे भानगड नाही, त्यामुळे मैदानावरचा प्रत्येक मुलगा प्रेक्षकांतल्या कुणाचा तरी पुतण्या-भाचा असतो, आणि शेजारी उभी असलेली आजी रेफ्रीला जे काही ऐकवते ना, ते क्रोक पार्कच्या वरच्या मजल्यावर बसून तुम्हाला कसं ऐकू येणार? दोन्ही टीमचे लोक एकत्रच उभे असतात, वेगळे कठडे नाहीत, पोलिसांच्या रांगा नाहीत. हाफटाइमला बारकी पोरं आपापल्या हर्ली घेऊन मैदानात घुसतात, त्यांना कुणी हाकलत नाही.

कधी जायचं ते महत्त्वाचं. काउंट्यांची ऑल-आयर्लंड फायनल हल्ली जुलैतच होते आणि क्लबच्या चॅम्पियनशिपचा खरा हंगाम त्यानंतर, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर वीकेंडला कुठल्याही दिशेने गाडी काढा, मॅच सापडेल. त्या काउंटीच्या जीएएच्या साइटवर वेळापत्रक असतं, शिवाय पेट्रोल पंपावरच्या दुकानात विचारलं की माहिती मिळतेच, वर कोण जिंकणार तेही कळतं. तिकीट लागत असेल तर आधी ऑनलाइन काढून ठेवा, गेटवर कॅश घेतीलच असं नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते रोड बोलिंग, आणि ते मुख्यतः दोनच काउंट्यांत, दक्षिणेला कॉर्क आणि उत्तरेला आर्मा. पाऊण किलोच्या वर वजनाचा लोखंडी गोळा, चालू डांबरी रस्ता, आणि दोन-अडीच मैलांचं अंतर कमीत कमी फेकींत कोण काटतो एवढाच खेळ. मैदान नाही, तिकीट नाही. फेकणाऱ्याचा माणूस पुढे रस्त्यावर जाऊन पाय फाकवून उभा राहतो की गोळा इथून काढ, गवताची जुडी ठेवून खूण पण करतात, आणि गर्दी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवून उभी, गोळा अंगावर आला की फाटते. आपल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात लोक शेवटच्या क्षणी बाजूला होतात तस्संच. वळण आलं की खरी मजा, गोळा वळवायचा की सरळ कुंपणावरून उडवून वळणच खाऊन टाकायचं, यावर म्हातारे भांडतात आणि पैजा उघडपणे लागतात, नोटा या हातातून त्या हातात. मधेच ट्रॅक्टर आला तर सगळे थांबून त्याला वाट देतात, परत सुरू.

एकटीने जायचं म्हणाल तर तिथे उलट एकटं राहता येत नाही. मुंबईची म्हटलं की पुढचा प्रश्न क्रिकेटचा, आणि त्यानंतर त्यांच्या गावच्या टीमचा इतिहास ऐकावाच लागतो, सुटका नाही. रोड बोलिंगला जाणार असाल तर चालायचे बूट घाला, गाडी लांब लावा आणि गोळा येताना फोटो काढत बसू नका.