अंगठा लागत नाही

नोव्हेंबरात कुठल्याही बँकेत जा, पेन्शनर मंडळी दिसणारच. हयातीचा दाखला द्यायचा महिना. ऐंशी उलटलेल्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो, पण त्यातलेही बरेच जण नोव्हेंबरचीच वाट पाहतात. इतकी वर्षं नोव्हेंबर म्हणजे नोव्हेंबर! हातातल्या पिशवीत पासबुक, आधार, पीपीओची म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाची झेरॉक्स आणि असू द्यावी म्हणून त्या झेरॉक्सची आणखी एक झेरॉक्स.

२०१४ पासून हा दाखला डिजिटल झाला. अंगठा टेकवला की काम झालं, असं म्हणतात. पण उतारवयात बोटांवरच्या रेषा पुसट होतात, कातडी कोरडी पडते. जन्मभर भांडी घासलेल्या हातांचं तर विचारूच नका. मग ‘काकू, दाबून धरा’, ‘अहो, इतकं नका दाबू’, ‘जरा पदराला पुसा’ असं सुरू होतं आणि मागची रांग चुळबुळायला लागते. २०२१ मध्ये मोबाइलवर चेहरा दाखवायची सोय आली. त्यात पापण्या मिटून उघडायच्या असतात. ‘आजोबा, डोळे मिचकवा’ असं एखाद्या तरुण मुलीनं सांगितल्यावर आजोबा आधी इकडेतिकडे बघून घेतात.

घाई केली की ही माणसं आणखी हळू होतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. एटीएममध्ये मागून कुणी नुसतं ‘च्च’ केलं तरी वर्षानुवर्षं पाठ असलेला पिन डोक्यातून जातो. कार्ड बाहेर, पुन्हा पहिल्यापासून. ऐकण्याचंही तसंच. वयानुसार आधी ऐकू येईनासे होतात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. स, श, फ असले. आवाज कानावर पडतो, पण शब्द लागत नाही. आपण मग ओरडतो. ओरडल्यानं ‘स’ काही स्पष्ट होत नाही, आपण चिडलोय एवढंच त्यांना कळतं. समोर येऊन सावकाश बोललं तर बहुतेकदा दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आणि ते नोटा मोजणं! मशीननं मोजलेल्या, कॅशियरनं पुन्हा मोजलेल्या नोटा आजोबा बोट ओलं करून तिसऱ्यांदा मोजतात. मला त्यांचंच बरोबर वाटतं. ‘खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्या’ ही पाटी बँकेनंच लावलेली असते. ती वाचून तसं वागणारे आता तेवढेच उरलेत.

आमच्या शाखेतली एक मुलगी मात्र या गर्दीत शांत असते. ‘बसा आजोबा, अंगठा तुमचाच आहे, पळून कुठे जातोय?’ म्हणते. अंगठा नाही लागला तर तर्जनी, ती नाही तर मधलं बोट. परवा असंच एकदाचं हिरवं झालं. आजोबा उठले, पिशवी आवरली आणि म्हणाले, “आता मिसेसचाही घ्या. रिक्षात बसलीय, गुडघ्यांमुळे जरा वेळ लागेल तिला.”