खाटेशेजारचे चौऱ्याण्णव किलो

रात्रपाळीच्या नोंदवहीत त्या प्रसंगाची वेळ २ वाजून ४० मिनिटे अशी माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे. पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात त्या रात्री आम्ही दोन परिचारिका आणि एक मावशी अशा तिघीच होतो. वॉर्डातले मामा एका रुग्णाला सीटी स्कॅनसाठी तळमजल्यावर घेऊन गेले होते. अकरा नंबरच्या खाटेकडून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ सलाइनचा स्टँड फरशीवर आपटला. कोणालाही हाक न मारता लघवीसाठी उठलेले शहात्तर वर्षांचे आजोबा खाट आणि भिंत यांच्यामधल्या जेमतेम दोन फुटांच्या जागेत पडले होते. दाखल करताना त्यांचे वजन ९४ किलो भरले होते.

बाहेर बाकावर झोपलेला त्यांचा मुलगा धावत आला. "सिस्टर, उचला ना त्यांना! मावशी सांगत होत्या, तुम्ही ऐंशी किलो उचलता म्हणून."

मावशींनी सांगितले ते खोटे नव्हते. अडतिसाव्या वर्षी एका रुग्णाला खाटेवरून ट्रॉलीवर घेताना माझ्या कंबरेत उसण भरली होती. आमच्या व्यवसायात हे इतके नेहमीचे आहे की चाळिशी गाठलेल्या परिचारिकेच्या कंबरेला पट्टा दिसला नाही, तर बाकीच्याच तिची चौकशी करतात. सहा आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "आराम पुरे झाला, आता ताकद कमवा." म्हणून मी धनकवडीतल्या एका लहानशा जिममध्ये गेले. तिथले सर माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारे. भिंतीवर वडगाव मावळच्या हर्षदा गरुडचे वर्तमानपत्रातले कात्रण चिकटवलेले होते; २०२२ साली ग्रीसमध्ये वेटलिफ्टिंगच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेच्या ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून तिने सुवर्णपदक जिंकले, तेव्हाचे. ते वाचून मला स्फूर्ती वगैरे काही आली नाही, उलट घरी परत जावेसे वाटले.

स्त्रियांच्या स्पर्धेतला बार १५ किलोचा असतो, पण त्या जिममध्ये २० किलोचाच होता, आणि पहिले तीन आठवडे मला तोही मिळाला नाही. १२ किलोचे केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, घेऊन मी फक्त वाकायला शिकत होते. "कंबरेतून नाही ताई, खुब्यातून," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल. त्यानंतर बार आला, आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोच्या मोठ्या रबरी प्लेट. प्लेट मोठी असण्याला कारण आहे: ४५ सेंटिमीटर व्यासाची प्लेट लावली की बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो, आणि वजन कमी असले तरी उचलण्याची सुरुवात योग्य उंचीवरून होते. बार नडगीला जवळजवळ घासत वर आला पाहिजे, कारण वजन शरीरापासून जितके लांब जाईल तितका कंबरेवरचा ताण वाढतो. पोटात श्वास भरून धरायचा, पाठ सरळ ठेवायची आणि जमीन पायांनी खाली ढकलायची. वर्षभरात ६० किलो झाले आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ८०. माझे स्वतःचे वजन तेव्हा ५७ होते.

घरी सासूबाईंना हे पटणे शक्यच नव्हते. "बाईमाणसानं इतकं ओझं उचलू नये, अंग बाहेर येतं," असे त्या रोज बजावत. ही भीती अगदीच निराधार नाही, म्हणूनच फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला ओटीपोटाचे व्यायाम आणि श्वासाची पद्धत आधी शिकवली होती. परंतु वेल्ह्याकडच्या माहेरी याच सासूबाई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीची चढण चढत असत, आणि तेव्हा त्यांच्या अंगाची काळजी कोणी केल्याचे त्यांनाही आठवत नाही.

तर त्या रात्री मी खाली वाकले, हे कबूल केले पाहिजे. मुलाच्या बोलण्याने मी सुखावले होते आणि माझे पाय आपोआप जिममधल्यासारखे खांद्यांच्या रुंदीला लागले होते. आजोबांच्या काखेत हात घालण्यासाठी पुढे झाले, तेव्हा एका क्षणात दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली म्हणजे, मला पकडायला बारच नव्हता. बारचे वजन दोन्ही बाजूंना सारखे असते, तो मधेच हलत नाही, घाबरून गळ्यात हात टाकत नाही, आणि त्याच्या अगदी जवळ उभे राहता येते. इथे खाटेची कड माझ्या पाठीशी होती आणि आजोबांचा सगळा भार माझ्यापासून हातभर पुढे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडले होते.

मी हात मागे घेतला आणि म्हणाले, "दादा, मी त्यांना उचलणार नाही, आणि तुम्हीही हात लावायचा नाही."

पुढची पंचवीस मिनिटे फार वाईट गेली. माझ्या सहकारिणीने निवासी डॉक्टरांना बोलावले आणि कॅज्युअल्टीतून स्कूप स्ट्रेचर मागवले; ते दोन भागांत सुटते आणि रुग्णाला न उचलता दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवता येते. आम्ही खाटेच्या चाकांचे ब्रेक काढून खाट बाजूला ओढली, आजोबांच्या डोक्याखाली उशी आणि अंगावर ब्लँकेट दिले. नाडी, रक्तदाब आणि साखर पाहिली. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, म्हणून डोक्याला मार लागला आहे का हे विचारले, टॉर्चने बाहुल्या तपासल्या. आजोबा शांत होते. मुलगा मात्र संतापला होता. "माणूस फरशीवर पडलाय आणि तुम्ही नुसत्या बसून राहताय," असे तो मोठ्याने म्हणाला, आणि शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांनीही माना हलवल्या. मी खरोखरच बसले होते, आजोबांचा हात धरून, त्यांनी पाय हलवू नये म्हणून.

शेवटी डॉक्टर, मामा आणि कॅज्युअल्टीची माणसे धरून सहा जणांनी त्यांना वर घेतले. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या, नायॉश या सरकारी संस्थेच्या सूत्रावरून २००७ साली रुग्णाला हातांनी उचलण्याची जी मर्यादा सुचवली गेली, ती ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो आहे, आणि तीही परिस्थिती अनुकूल असेल तरच. आजोबांचा एक पायच जवळपास तेवढा भरला असता. हा आकडा मी ८० किलोचा टप्पा गाठल्यानंतर वाचला होता आणि तेव्हा मला तो हास्यास्पद वाटला होता.

एक्स-रेमध्ये डाव्या खुब्याचे हाड मोडलेले दिसले. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होऊन अर्धा सांधा बदलला गेला. मुलगा नंतर दोनदा वॉर्डात भेटला. त्याने क्षमा मागितली नाही आणि मलाही ती अपेक्षित नव्हती, कारण वडील फरशीवर असताना त्याच्या जागी मीही तेच बोलले असते. त्याने फक्त विचारले, "तुम्ही खरंच ऐंशी किलो उचलता?" मी हो म्हणाले.

सकाळी हँडओव्हरच्या आधी प्रसंगाच्या नोंदीत मी सहा कर्मचारी लागल्याचे लिहिले आणि प्रत्येक मजल्यावर एक स्कूप स्ट्रेचर असावे असा अर्ज जोडला. इन्चार्ज सिस्टरांनी त्यावर सही केली. अर्ज सध्या स्टोअरमध्ये आहे, आणि मी दर पंधरा दिवसांनी त्याची विचारणा करते.