कापलेल्या शब्दांचे पैसे

तेव्हा मला वेबसाइटसाठी लेख लिहायचे शब्दामागे पैसे मिळायचे. अशा दराने काम करणारा माणूस एका वाक्यात संपणारी गोष्ट तीन वाक्यांत सांगायला आपसूक शिकतो. देणाऱ्यालाही वजन करून माल घेतल्याचं समाधान असतं.

एके दिवशी एका साइटच्या मालकांचा फोन आला तो वैतागूनच. घरासाठी प्रिंटर कसा निवडावा, हे त्यांचं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान. ट्रॅफिक भरपूर, पण अ‍ॅफिलिएट लिंकवर, म्हणजे जिच्यावरून खरेदी झाली की साइटला कमिशन मिळतं तिच्यावर, क्लिक जवळपास नाहीच, त्यामुळे कमिशनही नाही. "मॅडम, अजून हजारेक शब्द वाढवा, गूगलला लांब लेख लागतात." आम्हाला अमुक इतकेच शब्द हवेत असं काही नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवलंय. तरी ही समजूत काही हटत नाही. मी म्हटलं, "सर, आधी लोक त्या पानावर काय करतात ते बघू द्या."

वाचकांच्या हालचाली टिपणारं टूल साइटवर बसवलेलं होतं, फक्त ते कधी कुणी उघडलं नव्हतं. मी रेकॉर्डिंग लावून बसले. पान दुसऱ्याच कुणी लिहिलेलं होतं, तरीही लिहिणाऱ्याने हे बघू नये असं वाटायला लागलं. प्रिंटरचा इतिहास, प्रिंटरचे फायदे, आजच्या युगातलं महत्त्व हे सगळं अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात वर जात होतं. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ साली केलेल्या चाचण्यांत ७९ टक्के लोक वेबपान नुसतं चाळताना आढळले होते. हा आकडा मी अनेकदा वाचला होता, पण चाळणं म्हणजे इतकं निर्दय असेल असं वाटलं नव्हतं.

मग एक जण थांबला. पानाच्या पार तळाशी 'शाई वाळते का?' असा उपमथळा होता. तिथे तो रेंगाळला, दोन ओळी खाली गेला, परत वर आला, आणि पान बंद. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. गूगलचं सर्च कन्सोल उघडून लोक काय टाइप करून इथे येतात ते पाहिलं. क्वचित वापरायचा प्रिंटर, शाई सुकणं, नोझल चोंदणं. लोकांना प्रिंटर कळायला नको होता, पडून राहिला तरी बिघडणार नाही असा कोणता, एवढंच हवं होतं. आणि त्याचं उत्तर त्या उपमथळ्याखालीही धड नव्हतं.

निम्म्याहून जास्त मजकूर मी उडवला. पहिलंच वाक्य असं केलं : 'महिन्यातून चार-पाच पानंच छापत असाल तर लेझर प्रिंटर घ्या, टोनर ही पावडर असते, ती वाळत नाही.' लगेच खाली लिंक, आणि या लिंकवरून खरेदी झाली तर आम्हाला कमिशन मिळतं, असा खुलासा. पुढे इंकजेट, म्हणजे पातळ शाईचा प्रिंटर, कुणी घ्यावा, तर रंगीत फोटो लागणाऱ्याने, आणि अधूनमधून एखादं पान छापत राहायची तयारी असेल त्याने. वर्षातून दोनदाच छापायचं असेल तर प्रिंटर घेऊच नका, बाहेरून छापून आणा, हेही लिहिलं. सरांना ते वाक्य खुपलं. "गिऱ्हाईक आपणच परत पाठवायचं?" तो माणूस तसाही घेणार नव्हता, निदान बाकीच्या वाक्यांवर तरी लोकांचा विश्वास बसेल, असं मी सांगितलं. वाक्य राहिलं.

पुढे लिंकवरचे क्लिक वाढले, कमिशनही यायला लागलं. जाहिरातींचं उत्पन्न मात्र उतरलं. पान आखूड झालं की मध्ये दाखवायच्या जाहिराती कमी होतात, ही दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. ज्याचं सगळं पोट जाहिरातींवर आहे, त्याला मी असं डोळे मिटून कापायला सांगणार नाही. इथे लोक वस्तू घ्यायच्या बेतानेच येत होते, म्हणून गणित जमलं.

खरी गंमत बिल पाठवल्यावर झाली. "मॅडम, शब्द तर कमी झालेत, मग दराप्रमाणे…" सर अडखळले. मी शांतपणे कमिशनचा तक्ता पाठवला. बऱ्याच घासाघिशीनंतर पानामागे ठरावीक रक्कम ठरली. मग त्यांनी स्कॅनरचं पान पाठवलं, तेही भलतंच लांब. मी फाइल उघडायच्या आधी रक्कम लेखी मागून घेतली.