काळ्यावर भांडं एवढं झळकतं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

मी तांब्यापितळेच्या भांड्यांचे फोटो काढते, दुकानदारांसाठी, आणि ते बघून लोक सगळ्यात जास्त हेच विचारतात की काळ्या बॅकग्राउंडवर भांडं एवढं झळकतं कसं, लाइट किती लावता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, लाइट एकच असतो आणि तोही बऱ्याचदा खिडकीचा. चकचकीत धातू समोर जे असेल तेच दाखवतो, त्यामुळे भांड्यावर उजेड पाडत बसण्यापेक्षा भांड्याला काय दिसू द्यायचं आणि काय नाही हे ठरवायचं, बस.

घागर घ्या. तिचं पोट म्हणजे स्कूटरचा आरसा, अख्खी खोली मावते त्यात, पंखा, ट्यूब, ट्रायपॉड आणि मागे वाकलेले तुम्ही. म्हणून खोलीत अंधार करायचा, एकच खिडकी उघडी ठेवायची, तिला ट्रेसिंग पेपर चिकटवायचा (नाहीतर खिडकीचे गज दिसतात घागरीवर), आपण काळा टीशर्ट घालायचा आणि जमेल तितकं लांब जाऊन झूम करायचं.

आता होतं काय, की घागरीच्या दोन्ही कडांना मागचा अंधारच दिसतो, मग कडा बॅकग्राउंडमध्ये विरघळून जातात आणि मधे नुसता एक उजळ चट्टा उरतो. इथे बरेचजण अजून एक लाइट लावतात, त्याने चट्ट्यांची संख्या वाढते, दुसरं काही नाही. त्याऐवजी दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर आणि घागरीच्या किंचित मागे, पांढऱ्या कार्डशीटच्या उभ्या पट्ट्या उभ्या करा, त्यांच्यावर खिडकीचा उजेड पडेल अशा. कडेला लगेच उजळ रेघ येते आणि आकार सुटा होतो. पट्टी दोन बोटं सरकवली तरी रेघ जाड-बारीक होते, माझा निम्मा वेळ यातच जातो आणि मजाही खरं तर यातच आहे.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीचं मठारकाम केलेलं भांडं आलं की मात्र हिशोब बदलतो. हातोडीचा प्रत्येक ठोका हा वेगळा आरसा असतो, उजेड फार पसरट असला तर सगळे ठोके एकमेकांत मिसळतात आणि कारागिराची मेहनत दिसतच नाही. तिथे मी खिडकी बंद करून छोटा दिवा एका बाजूने तिरका लावते, मग प्रत्येक ठोक्यात आपापला ठिपका पेटतो.

एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, ऑटोवर सोडू नका. फ्रेममध्ये काळं जास्त असलं की कॅमेरा फोटो उगाच उजळवतो, म्हणून मी कॅमेऱ्यातलं एक्सपोजर कमी-जास्त करायचं सेटिंग उणे 1 ते उणे 2 ठेवते. मोबाईलवर चमकणाऱ्या भागावर बोट दाबून लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. तांब्याच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं आहे, कारण प्लास्टिकवर पांढऱ्या दिव्याची चमक पांढरीच पडते पण तांब्यात पांढरं कार्डसुद्धा तांबूस दिसतं, म्हणजे धातूचा रंग त्या चमकेतच असतो, ती जळाली, म्हणजे फोटोत पांढरीफटक झाली, की भांडं तांब्याचं की स्टीलचं काही कळत नाही.

पोलरायझर (चमक कमी करायला लेन्सवर लावायचा फिल्टर) घेऊ का, हेही विचारतात. काचेवर, पाण्यावर छान चालतो, उघड्या धातूच्या चमकेवर जवळपास काहीच करत नाही. त्या पैशात काळी मखमल घ्या. काळी कार्डशीट उजेडात राखाडी दिसते, मखमल उजेड पिऊन टाकते, फक्त भांड्याच्या चार-पाच फूट मागे टांगा आणि सेलोटेपने तिच्यावरचे कण उचलून घ्या.

भांडं चिंचेने घासा नाहीतर पितांबरीने, पण लगेच कोरडं पुसा, थेंब सुकले की डाग पडतात, आणि नंतर फडक्यानेच उचला, बोटांचे ठसे काळ्यावर फार उठून दिसतात.

एडिटिंग करता का? करते की, राहिलेली धूळ काढते, बॅकग्राउंड अजून थोडं काळं करते. पोचे आणि जोडाची रेघ मात्र पुसत नाही, दुकानदाराने कितीही सांगितलं तरी, गिऱ्हाईकाच्या हातात भांडं गेल्यावर ते दिसणारच आहे.