खारपाणपट्ट्यातली नायिका : किशोरांसाठी अद्भुत कादंबरी लिहिताना

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालय 'ड' वर्गातले, म्हणजे अनुदानाच्या क्रमवारीत शेवटचे, त्यामुळे नवी पुस्तके फार विचार करूनच घ्यावी लागतात. तरीही आठवी ते दहावीच्या मुलामुलींमध्ये सर्वांत जास्त फिरणारी पुस्तके अद्भुतकथांची आहेत, आणि त्यांतली बहुतेक भाषांतरित आहेत. पुस्तक परत घेताना मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते : यातले कोण तुला खरे वाटले? उत्तर देताना मुले मंत्र आणि तलवारी बाजूला ठेवतात. थोरल्या भावाचे उतरलेले कपडे घालणारा मुलगा, जिवलग मैत्रिणीशी अबोला धरणारी मुलगी, शिष्याला रागावून नंतर झोप न येणारा गुरू, अशी माणसे त्यांच्या लक्षात राहिलेली असतात. ही उत्तरे ऐकता ऐकता आपल्याकडच्या मुलांसाठी, आपल्याच शिवारात घडणारी अद्भुत कादंबरी लिहावी असे मला वाटू लागले. तिचा खर्डा आता पूर्ण झाला आहे. तिच्यातली माणसे कशी उभी राहिली, ते मी येथे लिहीत आहे.

लिहायला बसण्यापूर्वी मी पुष्कळ वाचले. आवडलेली पुस्तके पुन्हा घेतली आणि शिवण उसवून कापड कसे बेतले आहे ते पाहावे, तशी ती वाचली. अर्सुला ल ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही १९६८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या वाचनात मला सर्वांत जास्त शिकवून गेली. तिचा नायक गेड पुढे मोठा जादूगार होतो, पण त्याच्या हातून घडणारी पहिली जादू शेळ्यांवरची आहे. छपरावर चढून बसलेली एक शेळी मावशीने कसलेसे शब्द उच्चारताच खाली उतरते, हे तो पाहतो आणि दुसऱ्या दिवशी चरायला नेलेल्या शेळ्यांवर तेच शब्द वापरतो. शेळ्या येतात, त्याला खेटून उभ्या राहतात आणि काही केल्या हटत नाहीत. मुलगा घाबरून गावाकडे पळत सुटतो, तर सगळा कळप त्याला बिलगूनच पळतो. आमच्याकडच्या ज्या मुलाने शेळ्या राखल्या आहेत, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पुढे हाच मुलगा सहाध्यायाशी लागलेल्या ईर्ष्येपायी मेलेल्या माणसाचा आत्मा बोलावतो आणि एक काळी छाया जगात मोकळी सोडतो, तेव्हा आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. शेळ्यांच्या वेळचाच उतावीळपणा आता मोठ्या शक्तीसह आलेला असतो. शक्ती वाढली तरी स्वभाव तोच राहिला, म्हणून तो मुलगा आपल्याला ओळखीचा वाटतो.

फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स' या १९९५ सालच्या कादंबरीत प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो. मुलांचा प्राणी सतत रूप बदलतो आणि वयात येताना एका रूपात कायमचा स्थिर होतो. आपण पुढे कोण होणार, ही त्या वयातली धास्ती लेखकाने अशा रीतीने डोळ्यांना दिसेल अशी केली आहे. माझ्या मते किशोरांसाठीच्या अद्भुतकथेचे खरे बळ येथेच आहे. त्या वयात जे मनात चालते आणि कोणाला सांगता येत नाही, त्याला तिने बाहेर एक आकार दिला पाहिजे.

मात्र सर्वांत जवळचा आधार मला आमच्याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला सापडला. म्हाइंभटांच्या नावावर असलेले, महानुभाव पंथातल्या श्रीगोविंदप्रभूंचे तेराव्या शतकातले चरित्र ज्यांनी वाचले असेल, त्यांना माझे म्हणणे पटेल. भक्तांच्या लेखी गोविंदप्रभू ईश्वरावतार आहेत, आणि तरीही त्या लहान लहान लीळांमध्ये ते रुसतात, हट्ट करतात, पोरांत खेळतात, कोणाच्याही घरी जाऊन खायला मागतात. त्यांच्या थोरवीची ग्वाही देण्यात चरित्रकार शब्द खर्च करीत नाही. ते काय खात होते, कोणावर रागावले, कोणती बाई त्यांना काय बोलली, एवढेच तो नोंदवून ठेवतो. अलौकिकाची कथा लौकिक तपशिलांवर उभी करण्याची परंपरा आपल्याकडे आठशे वर्षांच्या घरात आहे, आणि ती माझ्या घरापासून एसटीने जाता येईल इतक्या जवळ आहे, याचा मला फार आनंद झाला.

मग माझ्या नायिकेला कोणती शक्ती द्यावी, हा प्रश्न आला. आमचे गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे आहे. पिण्यास ते चालत नाही, आणि पिकाला देत राहिले तर काळी चिकण जमीन कडक होऊन वर पांढरट थर धरू लागतो. दुसरीकडे, पायांकडून जन्मलेल्या म्हणजे पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी आणि गुप्तधन कळते, अशी समजूत खेड्यापाड्यांत जुनी आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवताच माझी कथा मला दिसली. पायाळू जन्मलेल्या वैष्णवीला चौदाव्या वर्षी जमिनीखालचे पाणी ऐकू येऊ लागते, आणि ज्या मातीत ती राहते तेथे ते पाणी खारट असते.

येथे मला बराच काळ थांबून विचार करावा लागला. पायाळूपणाची समजूत निरुपद्रवी नाही. गुप्तधनाच्या लोभाने माणसे कोणत्या थराला जातात, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचत असतो. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाबरोबरच जलस्रोतांच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचाही समावेश आहे. ज्या मुलांच्या शेजारीपाजारी अशी समजूत अजून जिवंत आहे, त्यांच्या हातात ही कथा देताना लेखकावर जबाबदारी येते. पण कथेत एक भाषण घालून मी ती जबाबदारी पार पाडणार नव्हते, कारण मुले असली भाषणे गाळूनच वाचतात. त्याऐवजी त्या समजुतीचा पूर्ण भार वैष्णवीच्या अंगावर पडू द्यायचा, असे मी ठरवले. तिचे कान ही तिची स्वतःची गोष्ट आहे. गाव तिला पायाळू म्हणून वापरू पाहते, ते संकट वेगळे आहे. कादंबरीभर ती या दोहोंतला फरक लोकांना कळावा म्हणून झगडते.

शक्ती ठरली तरी मुलगी अजून उभी राहिलेली नव्हती. शक्ती येण्यापूर्वी तिला काय हवे होते, हे समजल्याशिवाय मी पहिला प्रसंग लिहायला घेतला नाही. वैष्णवी घरचा हिशेब ठेवते. कृषी केंद्राची उधारी, बियाण्याच्या पिशव्या, वेचणीवाल्या बायांची मजुरी, दुधाचे पैसे, हे सारे ती दोनशे पानी वहीत लिहिते, आणि आपल्या वहीत कधी चूक निघत नाही याचा तिला अभिमान आहे. वडिलांनी एकदा तरी कोणा पाहुण्यासमोर म्हणावे, की हे घर या पोरीच्या वहीवर चालते, एवढीच तिची इच्छा आहे. अशा मुलीला, जी केवळ लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवते, कोणालाही तपासून पाहता येणार नाही असे काही तरी ऐकू येऊ लागते. हा पेच सापडल्यावर तिचे बोलणे, चालणे, गप्प राहणे मला आपोआप सुचू लागले. ती खोटे बोलत नाही, पण विचारले नाही ते सांगतही नाही.

याच स्वभावातून कादंबरीतला मुख्य प्रसंग आला. धुऱ्याजवळच्या बाभळीखाली पाणी आहे, असे ती वडिलांना सांगते. वडील कर्ज काढून बोअर मारतात. रात्री उशिरा मशीनचा आवाज बदलतो, पाइपातून आधी गढूळ चिखल आणि मग पाणी उसळते, लोक ओरडतात, चुलतभाऊ ओंजळ भरून तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो. कोणी काही बोलत नाही. वडील वैष्णवीकडे पाहतात, तेव्हा ती म्हणते, "म्या पाणी हाये म्हतलं होतं, बाबा. गोड हाये असं म्या कधी म्हतलं?" तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे, आणि तेच तिला आयुष्यभर पुरणार आहे. तिला पाण्याचा आवाज येतो, त्याची चव कळत नाही. अद्भुत शक्तीला मर्यादा हवी, असे सगळेच सांगतात. मला वाटते, ती मर्यादा त्या माणसाच्या मातीतून आणि स्वभावातून यावी, म्हणजे वाचकाला ती लेखकाने सोयीसाठी घातलेली अट वाटत नाही.

बाकीच्या पात्रांसाठी मी एक वही केली. प्रत्येकाच्या नावाने एक पान आणि त्या पानावर त्याचे देणे-घेणे : तो कोणाचे पैसे लागतो, कोणाचा शब्द त्याला मोडता येत नाही, कोणाच्या लग्नात त्याचा मान राहिला नव्हता, संध्याकाळी तो कोणाच्या ओट्यावर बसतो. यातले फार थोडे कादंबरीत आले. पण खेड्यातला माणूस अशा देण्याघेण्यात पुरता गुंतलेला असतो, आणि ते ठाऊक झाले की संकटाच्या वेळी तो कोणत्या बाजूला उभा राहील हे ठरवत बसावे लागत नाही. वैष्णवीची आजी नातीच्या बाजूने का बोलत नाही, ते मला तिच्या पानावरून कळले. तरुणपणी तिने स्वतः जमिनीखालचे पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर उभा राहणारा नारळ पाहून सोन्याचे डोरले गहाण टाकायला लावले होते. नातीला ती एवढेच विचारते, "काहून वं, कानाले काय झालं तुह्या?" आणि त्या प्रश्नात तिची सारी भीती येते.

खलनायकाचे पान भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. गुप्तधनासाठी वैष्णवीला शोधत येणारा माणूस मी मृदू बोलणारा केला. तो अंधार पडल्यावर मोटारसायकलीवर येतो, भाऊबीजेला वैष्णवीच्या आईला लुगडे देतो, वडिलांच्या कर्जाचे व्याज सोडून देतो. त्याच्या भावाचे मूत्रपिंड निकामी झाले आहे आणि शहरातल्या उपचारांनी त्याचे शेत विकले गेले आहे. या पट्ट्यात मूत्रपिंडाचे दुखणे कोणाच्या घरात नाही, असे गाव शोधावे लागेल, म्हणून त्याची निकड माझ्या प्रत्येक वाचकाला समजते. त्याची निकड समजावी आणि त्याची वाट मात्र भयंकर वाटावी, यासाठी त्याचे प्रत्येक वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहिले.

खर्ड्याची प्रकरणे मी रविवारी वाचनालयात मुलांना वाचून दाखवत असे. त्यांची नजर फार बारीक आहे. बोअरचे प्रकरण झाल्यावर एका मुलाने सांगितले की मशीनवाल्यांचा स्वयंपाक ज्याचे शेत त्याच्याच घरी होतो, मग वैष्णवीची आई शेतात कशी? त्यानंतर आई चुलीपुढे बसली, दहा-बारा परक्या माणसांच्या पोळ्या लाटत, आणि पाणी लागल्याचा ओरडा तिने घरातून ऐकला. निरोप घेऊन येणाऱ्या धाकट्या मुलाचा चेहरा पाहूनच तिला सगळे कळते, आणि तरी पोळ्या पुऱ्या कराव्याच लागतात. माझ्या मूळ प्रसंगापेक्षा हा कितीतरी सरस आहे. एका मुलीने विचारले, "थे वही कुठी गेली मग?" बोअरचे कर्ज वैष्णवीलाच वहीत लिहावे लागणार, हे तिच्या ध्यानात आले होते. पुढचे सगळे प्रकरण मी त्या प्रश्नावर लिहिले : कोरे पान, वर तारीख, आणि आकडा लिहायला न वळणारा हात.

शेवटाबद्दल मुलांत दोन तट पडले. काहींना वैष्णवीने गोड्या पाण्याचा झरा शोधून काढायला हवा होता. मी त्यांच्याशी मनापासून वाद घातला. आमच्या पट्ट्यातल्या अनेक गावांना पिण्याचे पाणी वान नदीवरच्या धरणातून नळाने येते, तर शेतात पावसाचे पाणी शेततळ्यात अडवून वापरावे लागते. हे ज्यांना रोज दिसते, त्यांच्यापुढे जमिनीतून एकाएकी फुटणारा गोड झरा ठेवला, तर बोअरच्या रात्रीचा खरेपणाही जाईल. म्हणून वैष्णवीला शेवटी पावसाचे पाणी जमिनीत उतरताना ऐकू येते. गोड पाणी कोठपर्यंत खाली जाते आणि कोठे खाऱ्याला मिळते, तो आवाजातला फरक ती ओळखायला शिकते, आणि शेततळे कोठे खोदायचे ते वहीत आकडे मांडून वडिलांना दाखवते. वडील पाहुण्यासमोर तिची स्तुती करीत नाहीत. ते स्वतःची बेरीज तिच्याकडून तपासून घेतात.

खर्डा आता टंकलेखनाला दिला आहे. धाकटा भाऊ मात्र अजून मला पुरता सापडलेला नाही. तो निरोप आणतो, पळतो, रडतो, पण वहीतल्या त्याच्या पानावर काही नाही. मुलांना मी ते पान रिकामेच दाखवले, तर सहावीतल्या एकाने सांगितले की त्याच्यावर मित्राच्या गोट्यांचे देणे असावे आणि बोअरच्या रात्रीनंतर त्याने ते फेडायचे नाकारावे. टंकलिखित प्रत हाती येण्यापूर्वी मी तो प्रसंग लिहून जोडणार आहे.