थ्रेड नेमका कुठे अडकतो: सिंक आणि असिंक सर्व्हलेटच्या चाचण्या

सर्व्हलेट म्हणजे वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा कोड. सिंक प्रकारात रिक्वेस्ट हाताळणारा थ्रेड (प्रोग्रॅममधला काम चालवणारा धागा) उत्तर येईपर्यंत अडकून राहतो, असिंकमध्ये तो मधल्या वेळात मोकळा होतो. असे दोन्ही सर्व्हलेट आता एकाच टॉमकॅटवर (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) चालतायत आणि ग्राफ वाचण्याजोगे झालेत. टॉमकॅट मुद्दाम डिफॉल्टवर ठेवलाय: मॅक्सथ्रेड्स (एकावेळी जास्तीत जास्त थ्रेड) २००, कनेक्शनची मर्यादा ८१९२. काम दोघांना एकच दिलंय. मागच्या एका सर्व्हिसला विचारायचं आणि तिचं उत्तर पुढे पाठवायचं. ती सर्व्हिस नुसती टायमर लावून ५०० मिलिसेकंदांनी उत्तर देते.

सिंकचं गणित कागदावरच सुटतं. २०० थ्रेड, प्रत्येक जण अर्धा सेकंद अडकलेला, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४०० रिक्वेस्ट. लिटलचा नियम (एकावेळी चालू कामं = दर × प्रत्येकाला लागणारा वेळ) त्यापुढे सरकू देत नाही. २००० कनेक्शन लावली की लेटन्सी (उत्तर मिळायला लागणारा वेळ) ५ सेकंदांच्या आसपास जाते: अर्धा सेकंद कामाचा, बाकी साडेचार रांगेतले. आणि या सगळ्या वेळात सीपीयू जवळपास रिकामा! थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय याची यादी) काढून बघाच. रिक्वेस्ट हाताळणारे, नावात एक्झेक असलेले सगळे थ्रेड ओळीने एकाच जागी, मागच्या उत्तराची वाट बघत थांबलेले दिसतात. मला तो डंप कुठल्याही ग्राफपेक्षा बोलका वाटतो.

असिंकमध्ये आधी स्टार्टअसिंक (रिक्वेस्ट उघडी ठेवून थ्रेड सोडणारा कॉल), मग मागच्या सर्व्हिसला न थांबता विचारायला जावा ११ च्या एचटीटीपीक्लायंटचं सेंडअसिंक, आणि उत्तर आल्यावर रिक्वेस्ट संपवणारं कंप्लीट. ४०० चं छत गेलं. तेवढ्याच २००० कनेक्शनवर लेटन्सी पुन्हा अर्ध्या सेकंदाजवळ आली. पण एकट्या रिक्वेस्टला आधीही ५०० मिलिसेकंद लागत होते, आताही तेवढेच लागतात. असिंकने रिक्वेस्ट वेगवान होत नाही, फक्त वाट बघण्यासाठी थ्रेड अडवून ठेवावा लागत नाही. लोड कमी असेल तर दोघांत सांगण्यासारखा फरक नाही, आणि अशा ठिकाणी मी तरी सिंकच ठेवेन. (कंप्लीट एररच्या वाटेवरही बोलवा. नाहीतर स्पेसिफिकेशनमधला ३० सेकंदांचा डिफॉल्ट टाइमआउट होईपर्यंत ती रिक्वेस्ट लटकून राहते.)

सगळ्यात जास्त शिकवलं ते तिसऱ्या प्रकाराने. वरून स्टार्टअसिंक, पण आत तोच ब्लॉकिंग (उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवणारा) कॉल, २०० थ्रेडच्या वेगळ्या पूलवर (राखीव गटावर). निकाल पुन्हा ४००. रांग फक्त या खिडकीवरून त्या खिडकीवर गेली. त्याहून वाईट म्हणजे कुठला पूल वापरायचा (एक्झिक्युटर) ते न सांगता लिहिलेलं सप्लायअसिंक, म्हणजे काम दुसऱ्या थ्रेडवर टाकणारा जावाचा कॉल. ते काम जावाच्या सामायिक कॉमन पूलवर जातं, आणि जावा २१ वर त्या पूलचा आकार कोअरपेक्षा एकने कमी असतो. ८ कोअरच्या मशीनवर ७ थ्रेड, म्हणजे सेकंदाला १४ रिक्वेस्ट! साध्या सिंक सर्व्हलेटच्या तुलनेत हे कुठच्या कुठे खाली. ‘असिंक करून बघितलं, उलट मंदावलं’ असं कुणी म्हणालं की मी आधी ही ओळ शोधतो.

मोजण्याबद्दलही थोडं. डब्ल्यूआरके (सर्व्हरवर रिक्वेस्टचा मारा करून मोजणारं साधन) आधीचं उत्तर आल्याशिवाय त्या कनेक्शनवर पुढची रिक्वेस्ट पाठवत नाही. सर्व्हर रेंगाळला की मारा आपोआप कमी होतो आणि लेटन्सी आहे त्यापेक्षा बरी दिसते. गिल टेने यांनी या घोळाला कोऑर्डिनेटेड ओमिशन म्हटलं आणि त्यासाठीच डब्ल्यूआरके२ केलं. त्यात दर ठरवून देता येतो. ४०० झेपणाऱ्या सर्व्हरवर १००० चा दर लावला तर चाचणी चालेल तितकी लेटन्सी चढत जाते, आणि खरं चित्र तेच आहे.

व्हर्च्युअल थ्रेड (जावा २१, सप्टेंबर २०२३; वाट बघताना खालचा खरा थ्रेड मोकळा सोडणारे हलके थ्रेड) लावल्यावर तेच सिंक सर्व्हलेट, आतली एकही ओळ न बदलता, असिंकच्या बरोबरीने चाललं. कॉलबॅकची (उत्तर आल्यावर चालणाऱ्या कोडची) साखळी नाही, स्टॅकट्रेस (कोण कुणाला बोलावत इथवर आलं त्याची नोंद) सरळ वाचता येतो. नव्या कोडसाठी माझं मत आता इकडेच झुकलंय. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा कोड) थांबलं की खालचा खरा थ्रेडही अडकायचा, तो त्रास जावा २४ मध्ये बहुतांशी संपला.

मागच्या सर्व्हिसऐवजी डेटाबेस जोडल्यावर मात्र सिंक, असिंक आणि व्हर्च्युअल थ्रेड हे तिन्ही प्रकार एकाच रेषेवर आले. डेटाबेसची कनेक्शन सांभाळणाऱ्या हिकारीसीपीच्या पूलमध्ये डिफॉल्ट १० कनेक्शन. क्वेरीला २० मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ५००, वर काहीही लावा.

पुढची फेरी सावकाश वाचणाऱ्या क्लायंटची. तिथे नुसतं स्टार्टअसिंक पुरत नाही, सर्व्हलेट ३.१ चा राइटलिसनर (क्लायंट घ्यायला तयार असेल तेव्हाच पुढचं लिहू देणारा) लागतो. त्याचा सांगाडा लिहून झालाय, आता मुद्दाम मंद केलेला क्लायंट लिहायला घेतोय.